डोळ्यात बोट

भट्टी नाही, तोने म्हणतात आमच्याकडे.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण,
तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्यांचा विस्तव
आणि कमरेपासून आत वाकलेली मी.
होडीसारखी लांबट कणीक भिंतीवर थापून
पुन्हा वर येईपर्यंत श्वास धरलेला.
एकवीस वर्षं. कुताइसीच्या बाजारामागे, पहाटे चारपासून.

गेल्या गुरुवारी चष्मा आत पडला.
एक काच तडकली, दांडी वितळून पावाला चिकटली.
ओतारी म्हणाला, "हा मात्र विकू नकोस, नाझिब्रोला,
गिऱ्हाइकाला उगाच आपलं वजनमाप दिसायचं."

म्हणून मी इथे, त्सिसानाच्या दुकानात,
दोरा बांधलेला जुना चष्मा घालून.
तो काढून ठेवला तिने, आणि तक्त्यावरची अक्षरं,
आमची ती गोल गोल अक्षरं,
नुसता द्राक्षाचा मांडव झाली.
मी घडाघडा वाचलं.
"मावशी, ही ओळ तुम्हाला पाठ आहे."
असणारच. सातव्या वर्षापासून तीच ओळ लावलीय तुमच्या बापाने.

"लेन्स घालून बघा," म्हणाली,
"वाफ धरत नाहीत, घसरत नाहीत."
बोटाच्या टोकावर ठेवली.
एवढं हलकं या बोटांना कधी काही लागलं नव्हतं.
यांना कणीक कळते: दाबायची, ओढायची.
डोळा म्हणजे कणीक नव्हे.
पाऊण तास गेला.
उधारीवाल्यांच्या डोळ्यात बोट घालून
हिशेब दाखवलेत मी जन्मभर,
स्वतःच्या डोळ्यात घालायची वेळ आली
तर पापणी आधीच दार लावून मोकळी.

खरं सांगू, मला चष्मा आवडतो तो काढता येतो म्हणून.
रात्री काढला की आधी छतावरची ओल जाते,
मग टेबलावरचं विजेचं बिल,
मग समोरच्या गच्चीतली, मला बघून पडदा ओढणारी ती बाई.
कुणाचं काही बिघडत नाही. आहे तिथेच असतं सगळं.

तेकलेला "जा" म्हणाले ना मी,
"जा लिस्बनला, इथे काय ठेवलंय,"
तेव्हाही चष्मा हातात होता.
पदराने, नाही, एप्रनने पुसत बसले होते,
स्वच्छच होता तरी.
तिचा चेहरा कसा झाला, मला माहीत नाही.
समोर एक फिकट डाग होता, तो उठला,
थोडा वेळ दारात थांबला.

दुसरीही बसली शेवटी.
त्सिसानाने आरसा पुढे सरकवला.

इतक्या वर्षांत माझा उघडा चेहरा मी पाहिलाच नव्हता.
काढला चष्मा की आरशातली ही बाईही जायची.
आता नाकावर दोन लाल खड्डे,
डावी भुवई अर्धी जळलेली (कधी?)
आणि डोळे. काचेने बारीक न केलेले,
मोठे, पाणावलेले, घाबरलेले.
औषधाचं पाणी असेल म्हणा.
पण घाबरलेले.
त्या दिवशी मी करारी दिसले असेन
असं धरून चालले होते.
तिने तर हे पाहिलं.

"घेताय का मग?"
म्हटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे, पैशाचं उद्या बोलू.
आणि चष्म्याला काच बसवून ठेव, लेन्स घेतल्या तरी.
डोळेझाक करायला माणसाकडे काहीतरी असावं.

पुलावर आले. खाली रिओनी,
एकेक दगड सुटा दिसत होता, नको तेवढा.
तीनदा बोट नाकाकडे गेलं,
नसलेला चष्मा वर सारायला.
तिकडे आता दुपार असेल, तिच्या जेवणाची सुट्टी.
फोन खिशात.
बोटांना त्या औषधाचा वास,
पिठाचा नाही.